फ्रीकॅड १.० मधील डेटम प्लेन : वापरानंतरचा अभिप्राय

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० या त्रिमितीय आराखडे बनवण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची खरी पारख मला डेटम प्लेनमध्ये, म्हणजे आकार काढण्यासाठी हव्या त्या जागी आणि कोनात ठेवता येणाऱ्या संदर्भ प्रतलात, झाली. आडव्या नळीवर तिरकी शाखा बसवायची होती. त्यासाठी पार्ट डिझाइन या सुटे भाग घडवण्याच्या विभागात एक्स-वाय प्रतलाला डेटम प्लेन जोडले, ऑफसेटमध्ये (मूळ जागेपासूनचे अंतर व कोन भरायची जागा) झेड दिशेला ६० मिमी आणि एक्स अक्षाभोवती ४५ अंश भरले, त्यावरच्या स्केचमध्ये (सपाट रेखाकृतीत) वर्तुळ काढले आणि पॅडची, म्हणजे रेखाकृतीला जाडी देऊन घनाकार करणाऱ्या क्रियेची, दिशा उलटवून ते नळीच्या पृष्ठभागापर्यंत नेले. पुढे ४५ चे ३० अंश करताच स्केचला हात न लावता अख्खी शाखा नव्या कोनात वळली, आणि हे पाहताना फार समाधान वाटले.

जुन्या आवृत्त्यांत आराखडा बदलल्यावर सॉफ्टवेअरने पृष्ठभागांना दिलेले क्रमांक बदलले की त्यांना जोडलेली स्केचेस भलतीकडेच जात, १.० मध्ये हा दोष बराच आटोक्यात आला आहे. तरीही महत्त्वाचे प्रतल मी तयार पृष्ठभागाऐवजी एक्स-वायसारख्या मूळ प्रतलांनाच जोडतो. प्रतल कशा प्रकारे जोडायचे हे ठरवणाऱ्या पर्यायांची नावे मात्र नवख्याला गोंधळात टाकतात. तिथे प्रत्येक पर्यायासोबत छोटे चित्र हवे होते.