नव्वदच्या दशकातले गेम पुन्हा खेळायचे आहेत: जुना कन्सोल, एम्युलेटर की नवी आवृत्ती?

सोनीच्या प्लेस्टेशन या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राच्या, म्हणजे कन्सोलच्या, मेमरी कार्डात खेळातली प्रगती साठवायला १५ कप्पे असायचे. सगळे मिळून १२८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्या १५ कप्प्यांत आम्ही तीन भावंडांनी संसार थाटला होता. एखादा गेम एका कप्प्यात भागवायचा, एखादा जास्त जागा अडवून बसायचा, आणि नवा गेम आला की कुणाचं तरी काहीतरी पुसावं लागायचं. फायनल फँटसी ७ मधली माझी ४० तासांची वाटचाल अशीच एका दुपारी गेली. ताईने पुसली होती. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

ही आठवण गेमची आहे की ताईची, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ज्यांना ते गेम आज पुन्हा खेळायचे आहेत, त्यांनी एक पैसाही खर्च करण्याआधी स्वतःला हेच विचारावं. तुम्हाला नेमकं काय आठवतं? पडद्यावरचं चित्र, हातातला कंट्रोलर, गोष्ट, की शेजारी मांडी घालून बसलेलं माणूस? कारण आज तीन रस्ते आहेत: मूळ कन्सोल, एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकासारख्या यंत्रावर चालवणारी प्रणाली) आणि नव्याने बनवलेली आवृत्ती. तिन्ही एकाच ठिकाणी पोचवत नाहीत.

मूळ कन्सोल, म्हणजे मूळ टीव्हीसुद्धा

जुना कन्सोल मिळवून तो आजच्या सपाट टीव्हीला जोडला की पहिल्या दहा मिनिटांत हिरमोड होतो. कडा करवतीसारख्या दिसतात, रंगांवर जाळी दिसते आणि वेळेवर बटण दाबूनही ‘क्रॅश बँडिकूट’ या उड्यांच्या गेमचा नायक क्रॅश दरीत पडतो. त्यात कन्सोलचा दोष नाही. प्लेस्टेशनचे बरेचसे गेम ३२० बाय २४० ठिपक्यांच्या आसपासचं चित्र काढायचे. रंग अपुरे पडू नयेत म्हणून दोन रंगांचे ठिपके आलटून-पालटून मांडले जायचे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, त्यातही पिवळ्या पिनच्या केबलवरून, ते ठिपके एकमेकांत विरघळायचे आणि मधली छटा आपोआप तयार व्हायची. चित्रं काढणाऱ्यांनी हा मऊपणा गृहीत धरला होता. सपाट पडदा तो पुसून टाकतो. शिवाय छोटं चित्र मोठं करायला टीव्ही क्षणभर वेळ घेतो, आणि उडीच्या गेममध्ये तो क्षणच जिवावर बेततो.

बंदुकीच्या गेमांचं तर विचारूच नका. १९९७ सालच्या टाइम क्रायसिसबरोबर आलेली गनकॉन ही बंदूक पडद्यावर चित्र रंगवणारा इलेक्ट्रॉनचा झोत कुठल्या घडीला कुठे पोचला हे पाहून नेम ओळखायची. पिक्चर ट्यूबमध्ये झोत एकेक ओळ रंगवत खाली येतो, म्हणून ते जमायचं. एलसीडीवर असा झोतच नसतो, त्यामुळे ती बंदूक तिथे मुकी होते. तुमची आठवण नेम धरण्याची असेल, तर पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला खरोखर पर्याय नाही. नव्या कॅमेऱ्याच्या बंदुका निघाल्या आहेत आणि त्या चांगल्याही आहेत, पण पडदा लखकन उजळून गोळी लागायची ती गंमत त्यांत नाही.

आता या रस्त्यावरची दुखणी. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेझरची गाडी प्लास्टिकच्या रुळावर सरकायची, तो रूळ झिजला की डिस्क अडखळायची. कन्सोल उलटा ठेवून खेळायची युक्ती जगभर पसरली ती यामुळेच. निन्टेंडो ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या कन्सोलच्या कंट्रोलरमधली मधली काठी वापरून वापरून आतून पांढरी पूड होते आणि लुळी पडते. असा कंट्रोलर घेताना काठी सोडल्यावर ताठ मध्यावर परत येते का, एवढं तरी नक्की पाहा. आपण ज्यांना कॅसेट म्हणायचो त्या कार्ट्रिजची वेगळीच चिंता. पोकेमॉन रेड, ब्लू यांसारख्या, गेम बॉय या हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या गेमांत तुमची प्रगती एका चपट्या सेलवर जिवंत राहते. सेल संपला की सगळी फौज जाते, आणि नेहमीच्या पद्धतीने सेल बदलतानाही जाते. आधी ती संगणकावर उतरवून घ्यायची आणि मगच सेलला हात लावायचा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. काही प्रदेशांतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे, तर पाल (PAL) या प्रसारण पद्धतीचे ५० वेळा. कित्येक गेम पालसाठी नीट जुळवलेच गेले नाहीत, त्यामुळे ते सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालायचे. काहींचं संगीतसुद्धा रेंगाळायचं. लहानपणी ५० वर खेळलेल्या माणसाला तोच गेम ६० वर घाईत वाटतो, आणि उलटही खरं. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलमध्ये २० पैकी ९ गेम पालचे होते. ६० वर वाढलेल्या कितीतरी जणांना त्यातला टेकेन ३ हा मारामारीचा गेम जड वाटला. म्हणून जुना कन्सोल घेताना तो कुठल्या पद्धतीचा आहे आणि तुम्ही स्वतः कुठल्या पद्धतीवर खेळलात, हे दोन्ही तपासा.

एम्युलेटर

एम्युलेटर ही आजची युक्ती आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो त्याच दशकातला आहे. आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या, गेमांसाठीचा मेम (MAME) हा एम्युलेटर १९९७ च्या फेब्रुवारीत आला. निन्टेंडो ६४ बाजारात जोरात असतानाच, १९९९ च्या जानेवारीत, अल्ट्राएचएलई या एम्युलेटरने त्याचे काही गेम संगणकावर चालवून दाखवले. त्याच सुमारास कनेक्टिक्स कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारी प्रणाली विकायला काढली. सोनी न्यायालयात गेली आणि २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे तिथल्या कायद्यानुसार एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही. गेमची प्रत कुठून आणली हा मात्र वेगळा प्रश्न आहे. आपल्या मालकीच्या डिस्कची प्रत आपणच काढणं हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

खेळण्याच्या दृष्टीने पाहिलं तर एम्युलेटर सर्वांत मोकळा आणि सर्वांत स्वस्त. पण तो तुम्हाला सतत काहीतरी सुधारायला लावतो, आणि तिथेच जपायला हवं. प्लेस्टेशन आकृतीचे कोपरे पूर्ण ठिपक्यांवरच ठेवायचा, म्हणून कॅमेरा हलला की भिंती थरथरायच्या. पृष्ठावरचं चित्र लावताना कुठला भाग किती दूर आहे याचा तो हिशेब करत नसे, म्हणून जवळ गेलं की फरशा वाकड्या व्हायच्या. डकस्टेशनसारखा एम्युलेटर हे दोन्ही बरंचसं सरळ करून देतो. ग्रॅन टुरिस्मोत मी ते सुरू ठेवतो, कारण रस्ता स्थिर दिसला की गाडी चालवायला मजा येते. १९९९ च्या सायलेंट हिलमध्ये मी ते कटाक्षाने बंद करतो. तिथली भिंत हलली पाहिजे. त्या गेमचं धुकंसुद्धा लांबचं काढायची कन्सोलची ताकद नव्हती म्हणून आलं होतं, आणि तरी तेच त्याचं सर्वस्व ठरलं.

दुसरा मोह हवं तिथे सेव्ह करण्याचा. पहिल्या रेसिडेंट इव्हिलमध्ये टाइपरायटर गाठायचा, शाईची फीत खर्च करायची, तेव्हा सेव्ह व्हायचं. फिती मोजक्या. त्यामुळे पुढचं दार उघडताना पोटात गोळा यायचा. दर वळणावर सेव्ह करता आलं तर त्या दारामागे भीती उरतच नाही. मी स्वतःला नियम घालून घेतला आहे: मेमरी कार्डावर होईल तेवढंच सेव्ह करायचं.

काही जादू एम्युलेटरवर अर्धी होते. १९९८ च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये सायको मँटिस हा खलनायक तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही त्याच कंपनीचे आणखी कोणते गेम खेळता ते सांगायचा. आम्ही तिघं अक्षरशः सोफ्याच्या मागे लपलो होतो. त्याला हरवायला कंट्रोलर उपसून दुसऱ्या खाचेत घालावा लागायचा. एम्युलेटरच्या नव्या कार्डात काहीच नसतं, तेव्हा त्याला वाचायलाही काही मिळत नाही, आणि खाच बदलणं म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ बदलणं. त्याच गेममध्ये पुढे जायला लागणारी एक रेडिओ फ्रिक्वेन्सी डिस्कच्या डबीच्या मागच्या चित्रात दडलेली होती. डबी नसेल तर त्या चित्राचा फोटो आधीच शोधून ठेवा, पण त्या क्षणापर्यंत बघू नका.

निन्टेंडो ६४ साठी एम्युलेटर निवडताना अपेक्षा थोड्या खाली ठेवा. त्याच्या चित्राच्या चिपची नक्कल करणं अवघड आहे, आणि एका गेमला चालणारी सेटिंग दुसऱ्याला चालत नाही. त्यात तो तीन मुठींचा कंट्रोलर. १९९८ च्या ऑकारिना ऑफ टाइममध्ये पिवळ्या सी-बटणांवर बासरी वाजवलेल्या बोटांना आजच्या कंट्रोलरची उजवी काठी परकी वाटते. हाताची आठवण जपायची असेल, तर त्याच आकाराचा यूएसबी कंट्रोलर घेणं हा मला या सगळ्यातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च वाटतो.

संगणकावरच्या गेमांसाठी फार विचार नकोच. डूमचा मूळ कोड १९९७ च्या डिसेंबरातच खुला झाला, त्यामुळे तो कशावरही चालतो. विंडोजआधीच्या डॉसच्या गेमांना २००२ पासून डॉसबॉक्स हा एम्युलेटर आहे, जीओजी हे ऑनलाइन दुकान २००८ पासून जुने गेम चालू स्थितीत विकतं, आणि मूळ स्टारक्राफ्ट २०१७ पासून फुकट आहे. जुना संगणक मांडायची हौसच असेल तर गोष्ट वेगळी.

मूळ चिपची जुळणी नव्या चिपमध्ये हुबेहूब बसवणाऱ्या मिस्टर (MiSTer) आणि अॅनालॉग पॉकेटसारख्या यंत्रांचा मधला मार्गही आहे. पॉकेटवर गेम बॉयच्या जुन्या कॅसेटी थेट लागतात. महाग, पण झंझट कमी.

नवी आवृत्ती

इथे नावं फसवतात. एकाच कपाटात तीन वेगळ्या वस्तू असतात: जुना गेम जसाच्या तसा, जुनाच गेम नव्या रंगात, आणि त्याच नावाचा पूर्ण नवा गेम.

नव्या रंगाचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१७ चा स्टारक्राफ्ट रीमास्टर्ड. एक बटण दाबलं की नवं चित्र जाऊन जुनं येतं, आणि खालचा गेम तोच राहतो. त्याच वर्षी आलेल्या क्रॅशच्या तीन गेमांच्या संचाचं तसं नाही. तो दिसायला देखणा आहे, पण सगळं नव्याने बांधताना क्रॅशच्या पायाखालचा आकार गोलसर झाला, त्यामुळे कडेवर टेकलेला क्रॅश घसरतो. ज्यांची बोटं १९९६ ची उडी विसरलेली नाहीत, त्यांना पहिल्याच पुलावर ते कळतं. ज्यांनी मूळ गेम खेळलेलाच नाही, त्यांना काही खटकणार नाही. रेसिडेंट इव्हिल २ ची २०१९ ची आवृत्ती माझ्या मते फार सुंदर गेम आहे. पण त्यात कोपऱ्यात बसवलेला कॅमेरा नाही आणि डिस्क वाचायला वेळ मिळावा म्हणून दाखवलेली ती हळूहळू उघडणारी दारंही नाहीत. २०२० चा फायनल फँटसी ७ रीमेक तर मूळ गेमचा सुरुवातीचा मिडगार शहराचाच भाग घेऊन त्याचा अख्खा गेम करतो. ती गोष्ट मनात असलेल्यांनी तो जरूर घ्यावा. माझे पुसले गेलेले ४० तास मात्र त्यात सापडत नाहीत.

आणि मुळात तुमचा गेम नव्या आवृत्तीत असेलच असं नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा विक्रीत नव्हते. जे ऑनलाइन दुकानातून घेतले तेही कायमचे नसतात. निन्टेंडोच्या ३डीएस आणि वी यू या कन्सोलची दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद झाली. याचा मला मनापासून त्रास होतो. पुस्तक छपाईतून गेलं तरी ग्रंथालयात मिळतं, गेमला अजून तेवढीही हमी नाही.

मग काय घ्यावं?

लहान मुलांबरोबर खेळायचं असेल तर नवी आवृत्ती, बिनदिक्कत. त्यांना मेल्यावर पुन्हा पुन्हा फार मागून सुरू करायला लावणारे जुने चेकपॉइंट आवडतील अशी आशा धरू नका. एखादा गेम एकदाच पूर्ण करून मनातली रुखरुख संपवायची असेल, तर एम्युलेटर आणि एक चांगला कंट्रोलर पुरे. वेळ कमी असणाऱ्या बहुतेकांना मी हेच सुचवेन. मूळ कन्सोल फक्त त्यांनी घ्यावा ज्यांना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवायला जागा आहे आणि दुरुस्तीचा कंटाळा नाही. टीव्हीशिवाय नुसता कन्सोल घेऊ नका.

आठवण माणसांची असेल तर यंत्र सर्वांत कमी महत्त्वाचं. १९९७ चा गोल्डनआय चौघांनी एका पडद्याचे चार तुकडे करून खेळायचा गेम आहे. तो २०२३ मध्ये परत आला आहे, निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर तर इंटरनेटवरून लांब बसूनही खेळता येतो. पण दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावून तो कुठे लपलाय ते बघायचं, तर चौघं एकाच खोलीत हवेत. चार कंट्रोलर जमवा, बाकी जे हाताशी असेल ते चालेल.

एक काम मात्र काहीही ठरवण्याआधी करा. जुनी मेमरी कार्डं शोधा आणि त्यांची प्रत काढा, त्यासाठी यूएसबीला जोडायची साधनं मिळतात. निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलर पॅकमध्ये, म्हणजे त्याच्या मेमरी कार्डात, सेल असतो, तो संपला की सेव्ह गेले, म्हणून ते आधी. प्लेस्टेशनच्या कार्डात सेल नसतो. आमचं कार्ड मी गेल्या वर्षी उघडलं तेव्हा ताईचे नऊ कप्पे जसेच्या तसे होते. तिला फोन केला. ती आली, त्यातला एक लावला आणि रात्री दोनपर्यंत जिथे थांबली होती तिथून पुढे खेळत राहिली.