लॅपटॉप, ग्रूव्हबॉक्स की पॅड? स्टेजवर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचं तर काय घ्यावं

"दादा, लॅपटॉपवरच भागवू की मशीन घेऊ?" कऱ्हाडच्या एका पोराचा मेसेज आला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवतो, घरी रात्री टेक्नो करतो, आणि आता पुण्यातल्या एका पबमध्ये त्याला चाळीस मिनिटांचा स्लॉट मिळालाय. बजेट साठ हजार. लॅपटॉप आहेच, पण तो उघडून उभा राहिला की मामा म्हणतो, सेतू कार्यालयात दाखले काढायला बसल्यासारखा दिसतोस.

मामाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. दुकानात सगळे विचारतात, "आवाज कशाचा चांगला?" आजच्या घडीला आवाज सगळ्यांचाच चांगला आहे. विचारायचं ते दोनच: किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, चालू असताना तुमचे हात काय करणार, आणि मध्येच आवाज गेला तर तो किती वेळात परत आणता येईल? मी स्वतः ऑक्टोपॅडवरून लॅपटॉपवर, तिथून ग्रूव्हबॉक्सवर (ताल रचायचं आणि वाजवायचं स्वतंत्र मशीन) आणि आता थोडा परत पॅडवर असा फिरलोय, तेव्हा तिन्हीकडचा मार खाल्लेला आहे.

हाताला काम काय?

लॅपटॉपवर बहुतेक जण एबलटन लाइव्ह वापरतात. २००१ साली बर्लिनमधून आलेलं हे सॉफ्टवेअर स्टेज डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेलं आहे. त्यातला सेशन व्ह्यू म्हणजे चौकटींचा तक्ता: उभ्या रांगेत एकेक वाद्य, आडव्या रांगेत गाण्याचे भाग. नोव्हेशनचं लाँचपॅड जोडलं की हाच तक्ता ६४ बटणांवर येतो. बटण दाबलं की लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, लगेच वाजत नाही, पुढच्या समेसाठी थांबतो. बोट अर्धी मात्रा आधी पडलं तरी लूप समेवरच येणार. नवख्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो! पण हाताने ताल धरायची सवय असलेल्याला यातच चुकल्यासारखं होतं. तुम्ही 'आता बासचा खर्ज येऊ दे, आता हॅटची झांज जाऊ दे' एवढं ठरवता, वाजवणारा दुसराच कुणी असतो. मला दहा मिनिटांत कंटाळा आला होता. नॉबवाला कंट्रोलर लावून फिल्टर, डिले असे इफेक्ट फिरवता येतात, पण कुठला नॉब कशाला हे घरी बसून एकेक जोडावं लागतं. ते न करता स्टेजवर गेलात तर माऊसने फिल्टर फिरवत बसाल, आणि मग मामा बरोबर.

ग्रूव्हबॉक्सचं उदाहरण म्हणून एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट घेतो, कारण त्याच्यावर माझे सगळ्यात जास्त तास गेलेत. खाली सोळा बटणं, म्हणजे चार मात्रांचे सोळा तुकडे. एक बटण धरून नॉब फिरवला की फक्त त्या तुकड्याचा आवाज बदलतो. तबलजी एखाद्याच बोलावर वजन टाकतो, तसं चौदाव्या बटणावरच्या टाळीला मोठी रीव्हर्ब (घुमारा) देता येते, बाकीच्या टाळ्या कोरड्या राहतात. आणखी एक गंमत: ट्रॅकचं बटण धरून नॉब फिरवला तर सगळे ट्रॅक एकदम हलतात. किक, बास, हॅट, सगळ्यांचा पार चिखल होतो, लोक बुचकळ्यात पडतात, आणि तुम्ही दोन बटणं एकत्र दाबून मूळ पॅटर्न जागेवर आणता. तिहाई घेऊन समेवर आल्याचा आनंद मला यंत्रावर पहिल्यांदा मिळाला तो इथे. अडचण अशी, की हे 'हे धरून ते दाब' प्रकार अंधारात बोटांना पाठ हवेत. लॅपटॉपवर मी तीन आठवड्यांत स्टेजवर गेलो, याच्यासाठी पाच महिने लागले.

आता पॅड. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ सालचा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, मिरवणूक यांमुळे काठ्या घेऊन उभा असलेला माणूस काय करतोय हे कुणाला सांगावं लागत नाही. काठी पडली की आवाज आला, हिशोब पूर्ण. इलेक्ट्रॉनिक संगीतातली निम्मी भांडणं 'हा खरंच वाजवतोय का' यावरून होतात, ती इथे उद्भवतच नाहीत. एक फरक मात्र नीट समजून घ्या. एसपीडी-३० सारखा ऑक्टोपॅड त्याच्या पोटातले आवाज वाजवतो. तुम्ही घरी बनवलेली किक, तुमचा बास, आजीच्या ओव्या पॅडवर हव्या असतील तर एसपीडी-एसएक्स सारखा सॅम्पलिंग पॅड लागतो. त्याला नऊ पॅड आहेत, इफेक्ट फिरवायला दोन नॉब आहेत. ठोके क्रमाने आपोआप वाजवणारा सोळा बटणांचा सिक्वेन्सर नाही. म्हणजे पायाचा लूप घरूनच तयार करून न्यायचा, आणि स्टेजवर त्याच्यावर वाजवायचं. लूपच्या आतली एखादी हॅट आयत्या वेळी काढू म्हणाल तर निघणार नाही.

आवाज गेला तर?

इथे लोकांच्या डोक्यात एक ठाम समजूत असते: लॅपटॉप कच्चा, मशीन पक्कं. अर्धीच खरी.

लॅपटॉपने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. खुला स्टेज, दुपारचे चार, ऊन थेट झाकणावर. आधी स्क्रीन दिसेना, म्हणून वर टॉवेल धरला. टॉवेलने वारा अडला, पंखा घोंगावू लागला आणि आवाजात कुर्रकुर्र सुरू झाली. ती सावरतोय तोवर फोटोग्राफरचा पाय यूएसबीच्या वायरीत अडकला आणि इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी डबी) सुटला. पुन्हा जोडला, सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा निवडला, आवाज आला. पाऊण मिनिट गेलं असेल. समोर दोनशे माणसं गप्प उभी असली की पाऊण मिनिटात स्वतःचा जन्म आठवतो. तेव्हापासून यूएसबीची वायर टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधतो आणि लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवतो.

पण वीज गेली की पारडं उलटं फिरतं. जनरेटर बदलताना दिवे एक क्षण मिटतात, तेवढ्यात बॅटरी नसलेलं मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि न साठवलेलं सगळं पुसलं जातं. लॅपटॉपला पत्ताही लागत नाही. डिजिटॅक्टला बॅटरी नाही, एसपीडी-एसएक्सलाही नाही. बाकी ग्रूव्हबॉक्सपैकी नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्सला आत बॅटरी आहे, चार तासांच्या आसपास चालते. अकाईच्या एमपीसी लाइव्हला आहे, एमपीसी वनला नाही. नाव सारखंच असल्याने घेताना इथे फसायला होतं. रोलंडचा एमसी-१०१ चार पेन्सिल सेलवरही चालतो. बॅटरी नसलेलं मशीन घेणार असाल तर टेबलाखाली कॉम्प्युटरचा साधा यूपीएस ठेवा, आणि त्याची पिंपिं आधी बंद करता येते का बघा. शांत भागात ती ऐकू जाते, अनुभव आहे.

एका गाण्यातून दुसऱ्यात

खरेदीच्या वेळी याचा विचार कुणी करत नाही आणि पहिल्या कार्यक्रमात नेमकं इथेच अडतं. एबलटन लाइव्हमध्ये अख्खा सेट एकाच फाइलमध्ये राहतो, एका आडव्या रांगेवरून दुसरीवर सरकायचं. सगळ्यात स्वस्त आवृत्ती, इंट्रो, १६ ट्रॅक आणि १६ रांगा देते. चाळीस मिनिटांना पुरतात, काटकसर करावी लागते एवढंच. डिजिटॅक्टच्या एका प्रोजेक्टमध्ये १२८ पॅटर्न बसतात आणि पॅटर्न बदलताना ताल तुटत नाही, पण प्रोजेक्ट बदलायला गेलात तर मशीन थांबतं. म्हणून सगळा सेट एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबायचा. २०१७ च्या मूळ डिजिटॅक्टमध्ये एका प्रोजेक्टला सॅम्पलसाठी, म्हणजे भरून ठेवलेल्या आवाजांसाठी, ६४ एमबी जागा आहे, म्हणजे मोनोमध्ये जेमतेम अकरा मिनिटांचा आवाज. ठोके आणि छोटे तुकडे असतील तर भरपूर, पण पाच गाण्यांचं गायन त्यात ठेवायचं म्हटलं तर विसरा. २०२४ च्या डिजिटॅक्ट टूमध्ये ट्रॅक आठाचे सोळा झाले, आवाज स्टिरिओ झाला आणि जागाही बरीच वाढली. लांब गायन, मोठ्या रेकॉर्डिंग असतील तर लॅपटॉप किंवा एमपीसी.

याचा आपल्याकडे आणखी एक पैलू आहे. खुल्या जागेत रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सणासुदीच्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. आधीचे लोक लांबले की तुमच्या चाळीस मिनिटांची बावीस होतात, आणि हे तुम्हाला स्टेजच्या पायरीवर कळतं. अशा वेळी मधली तीन गाणी उडवून शेवटावर जाणं लॅपटॉपवर आणि ग्रूव्हबॉक्सवर सोपं. पॅडवर लांबच्या लांब तयार लूप टाकून गेलात तर मधूनच तोडावा लागतो आणि ते कानाला कळतं. पॅडवाल्यांनी लूप छोटे ठेवावेत.

साउंडवाल्याच्या हाती काय द्यायचं

एकटेच वाजवणार असाल तर डावा-उजवा मिळून दोन आउट पुरे. पण बरोबर ढोलकीवाला किंवा ड्रमर असेल तर त्याच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, द्यावी लागते, आणि ती लोकांना ऐकू जाऊन चालत नाही. म्हणजे आउट चार हवेत. लॅपटॉपला चार आउटचा इंटरफेस लावा, काम झालं. एमपीसी लाइव्हला सहा आउट आहेत. एसपीडी-एसएक्सला मुख्य आउटखेरीज सब आउटही आहेत आणि क्लिक फक्त हेडफोनला देता येते. ती सोय नेमकी आपल्यासारख्यांसाठी. डिजिटॅक्टच्या मागे दोनच आउट, तिथे गाडी अडते.

काहीही घेतलंत तरी दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (तुमचं यंत्र आणि साउंडवाल्याचा मिक्सर यांच्या मधली डबी) घ्याच. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून जी किणकिण आणि गुरगुर येते, ती बहुतेक वेळा अर्थिंगच्या भानगडीतून येते. मंडपात बोर्डावर बोर्ड, त्यात टू-पिनचं अडॅप्टर, अर्थ कुठे गेलं ते देवाला ठाऊक. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की आवाज बहुतेकदा साफ होतो. प्लगची अर्थची पिन मोडून 'उपाय' करणारे महाभाग असतात, त्यांना बोर्डाजवळ फिरकू देऊ नका. पिन मोडलेल्या यंत्राला घामेजला हात लावून पाहिलाय मी, झिणझिण्या खांद्यापर्यंत जातात.

दोन्ही एकत्र?

पॅड लॅपटॉपला जोडायचा, आवाज लॅपटॉपमधून काढायचा, हा मोह प्रत्येकाला होतो. चालतं, पण बफर बघा, म्हणजे लॅपटॉप आवाज सोडण्याआधी किती साठवून ठेवतो ते. घरी ५१२ सॅम्पलवर (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक सूक्ष्म कण) काम करत असाल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या बफरचा उशीर ११.६ मिलिसेकंद होतो. बटण दाबताना जाणवत नाही, काठी मारताना मात्र पॅड ओल्या गादीसारखा लागतो. १२८ वर आणलं की २.९. पण मग जड प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली वाद्यं, इफेक्ट) लॅपटॉपला पेलत नाहीत, म्हणून ते आधीच ऑडिओ करून ठेवायचे. आणि घड्याळ एकाचंच चालू द्या. यंत्रांना एका लयीत ठेवणारी मिडी क्लॉक एका मात्रेत २४ ठोके पाठवते. माझा कल मशीनला मालक करून लॅपटॉपला मागे चालवायचा, कारण लॅपटॉप दमला तर किमान किक तरी सरळ राहते.

एबलटनचं पुश ३, म्हणजे त्यांचंच पॅडवालं यंत्र, हा या दोन्हींच्या मधला महागडा रस्ता. २०२३ साली आलं तेव्हा लॅपटॉपशिवाय चालणारी आवृत्ती १,९९९ डॉलरची आणि लॅपटॉप लागणारी ९९९ ची होती. त्या स्वतंत्र आवृत्तीत बाहेरच्या कंपन्यांचे प्लगइन चालत नाहीत, हे पैसे भरल्यावर कळलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत.

'खरं लाइव्ह' म्हणजे नुसतं हार्डवेअर, असं ठणकावून सांगणारे भेटतील. त्यांना एवढंच सांगतो, की गोव्याच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात रात्री जागल्या त्या डॅटच्या टेपांवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या डिजिटल कॅसेटींवर. आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या बास आणि ड्रमच्या यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली, ती त्या वेळी फारशी कुणी विकत घेतली नाही. यंत्र खरं की खोटं हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

तर, साठ हजारांत कुणी काय करावं? लॅपटॉप आधीच आहे आणि गाणी पूर्ण रचलेली आहेत, तर लाइव्ह इंट्रो, लाँचपॅड, साधा इंटरफेस, डीआय, आणि उरलेले पैसे बँकेत. रोज नव्याने रचायची खाज असेल आणि पाच महिने धीर धरवत असेल, तर ग्रूव्हबॉक्स. त्यात बाहेर जास्त वाजवणार असाल तर आधी बॅटरीवाला. हात आधीच काठ्यांना सरावलेले असतील तर दुसरीकडे बघू नका. कऱ्हाडच्या पोराला मी वापरलेला एसपीडी-एसएक्स शोधायला सांगितलं. तपासायचं कसं, तेही: हेडफोन घालून नऊच्या नऊ पॅडांवर अगदी हलक्या काठीने वाजव, एखादा मुका आहे का बघ, मग एकावर जोरात मारून शेजारचा आपोआप वाजतोय का ते ऐक, आणि मागचं प्रत्येक जॅक हलवून बघ.

त्याला मिळाला, ठीकठाक भावात. उरलेल्या पैशांत डीआय आणि केबल झाल्या. स्टँड घ्यायचा राहिला, पबमध्ये बारच्या दोन उंच स्टुलांवर फळी टाकून वाजवला. फळी आणून देणारा मामाच होता.