रोज उघडावीशी वाटणारी चित्रवही
ब्रस्ट्रो या ब्रँडची ए५ आकाराची, शिवलेल्या बांधणीची वही मी आर्ट जर्नल म्हणून वापरते आणि नव्याने चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला सुचवते. ती सपाट उघडते, त्यामुळे मंडईतला भाजीचा अख्खा गाळा जोडपानावर सलग काढता येतो. मधल्या शिवणीपाशी रेघ अडखळत नाही. कागद वॉटरप्रूफ शाईच्या पेनाला छान. जलरंगात भरपूर पाण्याचं काम करायचं तर मात्र जाड, 300 जीएसएमचाच (एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कागद हवा. सवय लागायला आकार फार महत्त्वाचा. ही पर्समध्ये मावते, म्हणून बसची वाट बघतानाही बाहेर निघते! कोपऱ्यात तारीख, जागा आणि कुठले रंग मिसळले ते लिहा. पहिलं कोरं पान अंगावर येत असेल, तर तिथे रंगांचे नमुने लावून टाका.