लीड्समधला आमच्या कोपऱ्यावरचा पब

इकडे राहायला येऊन वर्ष झालं तरी या पबात शिरायचा धीर होत नव्हता, कारण आधी एका दुसऱ्या पबात गेलेलो तिथे दार उघडल्या उघडल्या सगळ्यांनी वळून बघितलं आणि बारवाल्याने माझ्या मागून आलेल्या दोघांना आधी ग्लास भरून दिले, मी उभाच. इंग्लंडच्या पबात टेबलापाशी सहसा कोणी येत नाही, बारपाशी जाऊन मागायचं, रांग दिसत नाही पण कोणाचा नंबर आधी हे बारवाल्याला बरोबर माहीत असतं, म्हणून ते फारच मनाला लागलं.

इथे मात्र काउंटरवरच्या मावशींनी आत येताच मान हलवली, "आलेच हं, लव" (इकडची प्रेमाने मारलेली हाक) म्हणाल्या आणि खरंच पुढचा नंबर माझाच. कास्क एल म्हणजे काय विचारलं तर छोट्या ग्लासात दोन घोट चाखायला दिले, पिंपातली बिअर वर काढायचा हँडपंप सावकाश ओढून दाखवला आणि सांगितलं, ही बिअर पिंपातच मुरते, वरून गॅस भरत नाहीत आणि ११ ते १३ डिग्रीला देतात त्यामुळे बर्फासारखी गार नसते. पाइंट म्हणजे ५६८ मिली, जास्त वाटला तर हाफ मागा, कोणी काही म्हणत नाही. बायको पीत नाही, तिचा लाइम सोडासुद्धा तेवढ्याच आपुलकीने आणला, हे मला सगळ्यात आवडलं.

रविवारच्या रोस्टला (भाजलेल्या मांसाचं जेवण) व्हेज काहीच नाही, तेवढं कराच प्लीज. शेकोटीजवळचं टेबल मिळालं तर सोडू नका.