क्विल्टिंगचे ॲक्रिलिक साचे: तयार घ्यावेत, घरी कापावेत की लेझरवर करून घ्यावेत?

पुण्यात पॅचवर्क (कापडाचे तुकडे जोडणे) किंवा क्विल्टिंग (थर एकत्र शिवून गोधडी करणे) करणाऱ्याला कापड, अस्तर आणि दोरा यांसाठी फारसे फिरावे लागत नाही. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि रविवार पेठ एवढ्या टापूत ते सारे मिळून जाते. अडते ते मापाच्या साधनांपाशी. जाड पारदर्शक पट्टी, षटकोनाचे किंवा पाकळीचे साचे, मशीनचे फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) टेकवून नक्षी शिवण्यासाठीचे जाड साचे ही साधने प्रामुख्याने अमेरिकी पद्धतीच्या क्विल्टिंगसाठी घडलेली आहेत, आणि आपल्याला हवा तो आकार नेमक्या हव्या त्या मापात तयार मिळेलच असे नाही. अशा वेळी चार वाटा उरतात: तयार साधन मागवणे, ॲक्रिलिकची शीट आणून घरी कापणे, नामफलक आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडून लेझरवर कापून घेणे, किंवा सीएनसी राउटरवर (संगणकावरून चालणाऱ्या, फिरत्या बिटने कापणाऱ्या यंत्रावर) करून घेणे. यांतली चांगली वाट कोणती हे ठरवण्याआधी साच्याच्या कडेवरून काय फिरणार आहे हे ठरले पाहिजे. पेन्सिल, रोटरी कटरचे (कापड कापणाऱ्या गोल, फिरत्या सुरीचे) पाते आणि मशीनचे फूट या तिघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की बाकीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

पेन्सिल किंवा टेलरचा खडू फिरवायचा आणि कापड कात्रीने कापायचे, एवढेच काम असेल तर ॲक्रिलिकवर खर्च करण्याचे कारण नाही. हातशिलाईची गोधडी किंवा कागदावर कापड दुमडून जोडलेले षटकोन यांसाठी जाड पुठ्ठा सुरुवातीला पुरतो, मात्र त्याचे कोपरे झिजत जातात आणि शेवटचा तुकडा पहिल्याशी जुळत नाही. ब्लीचने वरचा काळा थर धुऊन काढलेली जुनी एक्स-रे फिल्म त्याहून बरी. ती कात्रीने कापता येते, झिजत नाही आणि तिच्यातून कापडावरचे फूल नेमके कुठे येते आहे तेही दिसते. या दोन्ही वस्तूंची मर्यादा एकच, की त्यांच्या कडेला धारदार पाते लावले की पाते त्यांनाच कापते.

पात्याचा विषय आला की ॲक्रिलिकला पर्याय उरत नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर बाजारात आणला आणि कापडाचे चार-सहा थर एकदम, खूण न करता, पट्टीच्या आधाराने कापणे शक्य झाले. त्यासाठी पट्टी सुमारे ३ मि.मी. जाड हवी, पातळ पट्टीवर पाते चढते, आणि ते बोटावर जाण्याचा धोका असतो. येथे सरळ पट्टी आणि आकाराचा साचा यांत फरक करायला हवा. ६ × २४ इंचांची सरळ पट्टी किंवा मोठा चौरस तयारच घ्यावा, असे माझे मत आहे. कारण अशा पट्टीत कडेपेक्षा रेषांचे काम जास्त असते. पाव इंचाच्याच नव्हे, एक अष्टमांश इंचाच्या रेषाही लागतात. कर्णावर जोडलेल्या दोन त्रिकोणांचा चौरस करताना तयार मापात ७/८ इंच मिळवावे लागतात, आणि तेवढे माप सेंटिमीटरच्या पट्टीवर सापडत नाही. शिवाय ३०, ४५ आणि ६० अंशांच्या रेषा हव्यात, आणि गडद व फिकट अशा दोन्ही कापडांवर त्या दिसायला हव्यात. हे सारे स्थानिक कारागिराकडून एकाच नगासाठी करून घेतले तर तयार पट्टीपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. परदेशातून मागवताना पाठवणी आणि सीमाशुल्क धरावे लागते, तरीही ही पट्टी वर्षानुवर्षे टिकते आणि पुढच्या प्रत्येक साच्याचे माप तिच्यावरच पडताळले जाते.

घरी ॲक्रिलिक कापणे शक्य आहे, पण ते सरळ रेषेपुरतेच. आकडी पात्याच्या ॲक्रिलिक कटरने स्टीलच्या पट्टीलगत एकाच रेषेत अनेकदा ओरखडे ओढायचे, चर पुरेसा खोल झाला की शीट टेबलाच्या काठावर धरून एका दमात मोडायची, आणि मग कड पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासायची. चौरस, आयत, पतंगाचा आकार इथवर ही पद्धत चालते. दोष असा की घासताना कड किती खाल्ली गेली याचा अंदाज राहत नाही आणि काटकोनही किंचित सरकतो. वक्र आकारासाठी फ्रेटसॉ, म्हणजे बारीक पात्याची करवत, लागते. तिची कड दातेरी राहते आणि अशा कडेवर रोटरी कटरचे पाते अडखळते, बोथटते. वाढदिवसाला एखाद्या मैत्रिणीला पिशवीचा साचा करून द्यायचा असेल तर हौस म्हणून हे ठीक. मोठ्या गोधडीचे शेकडो तुकडे अशा साच्यावर मी कापणार नाही.

लेझरचा पर्याय सर्वांत उपयोगी आहे, आणि त्यातच बारकावेही सर्वांत जास्त आहेत. नामफलकवाल्यांकडे असते ते सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचे, लेझर. त्याने ॲक्रिलिकची कड काचेसारखी गुळगुळीत सुटते आणि पात्याला ती मानवते. पहिला प्रश्न शीटचा विचारावा. ॲक्रिलिक दोन प्रकारे बनते: साच्यात ओतलेले, म्हणजे कास्ट, आणि यंत्रातून दाबून काढलेले, म्हणजे एक्स्ट्रुडेड. कास्टवर लेझरने कोरलेली रेषा दुधी पांढरी उमटते. एक्स्ट्रुडेडवर तीच रेषा जवळपास पारदर्शक राहते आणि कापडावर ठेवली की हरवते. एक्स्ट्रुडेडची जाडी अधिक एकसारखी असते हे खरे, पण ३ मि.मी.च्या साच्याला तो फायदा फारसा जाणवत नाही, म्हणून कास्टच मागावी. पॉलिकार्बोनेट दिले तर नको म्हणावे, कारण लेझरने त्याची कड पिवळी-काळी पडते. आणि पीव्हीसी कापताना क्लोरीनयुक्त घातक धूर निघतो, त्यामुळे जाणता कारागीर ते यंत्रावर घेतच नाही.

दुसरी गोष्ट रेषा कोणत्या बाजूला कोरायच्या याची. त्या कापडाला टेकणाऱ्या, म्हणजे खालच्या बाजूला हव्यात, आणि त्यासाठी चित्र आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे करून द्यावे लागते. रेषा वर राहिल्या आणि ३ मि.मी. जाडीतून ४५ अंशांनी तिरके पाहिले, तर ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ धरून हिशेब केल्यास रेषा सुमारे १.६ मि.मी. सरकलेली दिसते. पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडायचे कापड) म्हणजे ६.३५ मि.मी.; तिच्यातला एक चतुर्थांश असा नुसत्या नजरेत जातो. पांढऱ्या कापडावर दुधी रेषा दिसत नसतील तर कोरलेल्या खाचेत गडद ॲक्रिलिक रंग भरून वरचा रंग ओल्या कापडाने पुसावा. थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिटने मात्र पुसू नये. ताज्या कापलेल्या कडेवर ते लागले की बारीक तडे जातात.

लेझरच्या कामात बिघाड यंत्रापेक्षा चित्रात अधिक होतो. साच्यात शिलाईची माया धरायची म्हणजे आकार टक्क्यांनी मोठा करायचा नसतो. प्रत्येक बाजू समांतर पाव इंच बाहेर सरकवायची असते. त्याचा परिणाम आकारागणिक बदलतो. चौरसाची बाजू अर्ध्या इंचाने वाढते, समभुज त्रिकोणाची बाजू सुमारे २२ मि.मी.ने वाढते, तर षटकोनाची बाजू केवळ ७.३ मि.मी.ने; म्हणजे १ इंच बाजूच्या तयार षटकोनासाठी कापायच्या साच्याची बाजू ३२.७ मि.मी. येते. पाव वर्तुळाच्या जोडीत तर दोन तुकडे विरुद्ध दिशांना जातात: शिवणीची त्रिज्या ३ इंच असेल तर पाकळीसारखा फुगीर तुकडा ३.२५ इंच त्रिज्येचा आणि खोलगट तुकडा २.७५ इंच त्रिज्येचा हवा. दोन्ही एकाच रेषेवर कापून आणले तर ते साचे फुकट गेले असे समजावे.

चित्र इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढता येते, पण पेठांतली बरीच दुकाने कोरल ड्रॉवर काम करतात, आणि फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना मापे बदलू शकतात. एक इंच म्हणजे ९६ बिंदू की ७२, या गोंधळात आकार एक तृतीयांशाने मोठा किंवा एक चतुर्थांशाने लहान होतो. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात १०० मि.मी.चा एक चौरस ठेवावा आणि कापण्यापूर्वी पडद्यावर त्याचे माप कारागिराकडून मोजून घ्यावे. आकडे लिहिले असतील तर त्यांचे वक्ररेषांत रूपांतर करून द्यावे, नाहीतर दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसल्यास भलतेच अक्षर उमटते. लेझरची किरणे स्वतःही थोडे प्लॅस्टिक खातात, साधारण ०.१ ते ०.३ मि.मी.; साचा तेवढा लहान निघतो. एकाच साच्यावर सगळे तुकडे कापले तर या फरकाने काही बिघडत नाही, कारण सगळे तुकडे सारखेच लहान असतात. करून घेतलेला साचा आणि विकतची पट्टी एकाच ब्लॉकमध्ये (तुकडे जोडून केलेल्या एका चौकटीत) वापरली की मात्र फरक उघडा पडतो: तुकड्यामागे पाव मि.मी. धरला तरी वीस तुकड्यांच्या ओळीत तो अर्धा सेंटिमीटर होतो.

खर्चाबद्दल ठोक आकडा सांगण्यात अर्थ नाही, तो दुकानागणिक बदलतो. पण हिशेब कसा होतो ते सांगता येते. शीटचे क्षेत्रफळ आणि यंत्र चाललेला वेळ, या दोनच गोष्टींचे पैसे असतात. कापणे झटपट होते. भरीव कोरणे वेळखाऊ असते, कारण त्यात लेझरचे डोके ओळीमागून ओळ पुढे-मागे फिरते. म्हणून रेषा भरीव न देता एकेरी रेषा म्हणून द्याव्यात, कंपनीच्या साच्यावर असते तशी नक्षी आणि नाव टाळावे, आणि चार-पाच साचे एकाच तुकड्यावर जवळजवळ मांडून न्यावेत. इतर कामातून उरलेला तुकडा पुरणार असेल तर शीटचा खर्चही कमी होतो, फक्त तो कास्टचा आहे ना हे विचारून घ्यावे.

मशीनचे फूट साच्याला टेकवून नक्षी शिवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यासाठी खास जाड कडेचे रुलर फूट लागते, आणि साच्याची जाडी मशीनच्या शँकवर (फूट ज्याला बसवतात त्या दांड्याच्या उंचीवर) अवलंबून असते: उंच शँकच्या आणि लाँगआर्म (मोठ्या गोधड्यांसाठीच्या लांब हाताच्या) मशीनला सुमारे ६ मि.मी., तर बऱ्याच घरगुती, बुटक्या शँकच्या मशीनला सुमारे ४.५ मि.मी. पातळ साचा चालेल असे म्हणून अशा मशीनवर ३ मि.मी.चा वापरणे धोक्याचे ठरू शकते. फूट वर उचलले गेले की साचा त्याखाली सरकतो आणि सुई थेट प्लॅस्टिकवर आपटून तुटते. येथे माया धरायची नसून फुटाची त्रिज्या धरायची असते, म्हणजे टाका साच्याच्या कडेपासून पाव इंच दूर पडतो. सीएनसी राउटर याच कामासाठी लेझरच्या बरोबरीला येतो. ६ मि.मी. जाडीत लेझरची कड किंचित उतरती सुटू शकते, राउटरची सरळ उभी राहते. उलट राउटरचे गोल बिट आतला कोपरा टोकदार काढू शकत नाही, ३ मि.मी.चे बिट असेल तर प्रत्येक आतल्या कोपऱ्याला १.५ मि.मी.ची गोलाई येते, आणि कड नंतर घासावी लागते. पुण्यात असे काम भोसरीच्या औद्योगिक भागात किंवा नऱ्हे-धायरीकडच्या कारखान्यांत विचारावे लागेल, आणि एका साच्यासाठी तिकडे यंत्र मांडायला सहसा कोणी उत्सुक नसतो. एक-दोन नगांसाठी म्हणूनच जाड साचाही लेझरवरच करून घ्यावा. गट मिळून वीस-पंचवीस नग करणार असेल तर राउटरची चौकशी करावी.

स्वतःचे छोटे लेझर यंत्र घेण्याचा मोहही होतो. टेबलावर मावणारी स्वस्त यंत्रे बहुधा निळ्या डायोडची असतात, आणि निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून कापल्याविना आरपार जातो. त्यांवर पुठ्ठ्याचे साचे होतील, ॲक्रिलिकचे नाही. यंत्र समजून घेण्याची इच्छा असेल तर पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची प्रयोगशाळा, आहे. अशा प्रयोगशाळेत आधी विचारून जावे आणि मग खरेदीचे ठरवावे.

निर्णय नव्याने शिकणाऱ्याने करायचा असेल तर मी असे सुचवेन: एक सरळ पट्टी आणि रोटरी कटर तयार घ्यावा, पहिली गोधडी चौरस आणि पट्ट्यांचीच करावी, आणि एखादा आकार पुन्हा पुन्हा लागतो आहे असे दिसले की तेवढाच लेझरवर करून घ्यावा. ब्लॉकचे नमुने स्वतः रचणाऱ्याने मात्र सुरुवातीपासून लेझरवाल्याशी सूत जुळवावे. आधी पुठ्ठ्यावर एक नमुना कापून घ्यावा, त्यावर दोन-चार तुकडे कापून शिवून पाहावेत, आणि माप बसले तरच ॲक्रिलिक कापायला सांगावे.

साचा हातात आला की दुकानातच दोन गोष्टी पाहाव्यात. स्टीलच्या पट्टीवर माप मोजावे, आणि कागदावर साच्याची बाह्यरेषा काढून चौरस ९० अंशांत, षटकोन ६० अंशांत फिरवून त्याच रेषेवर पुन्हा ठेवावा. बाजू कमी-जास्त असेल तर लगेच दिसते. बाहेरचे कोपरे फार टोचत असतील तर पुढच्या वेळी चित्रातच १ मि.मी.ची गोलाई द्यावी, आणि आत खिडकी असलेल्या साच्यात ती द्यावीच, कारण टोकदार आतल्या कोपऱ्यापासून ॲक्रिलिकला चीर जाते. कापडावर साचा घसरू नये म्हणून खालच्या बाजूला, रेषा टाळून, सिलिकॉनचे लहान थेंब पुरेसे होतात. ते पूर्ण वाळेपर्यंत साचा कापडावर ठेवू नये.