लो-कार्ब डबा: स्वयंपाक उत्तम, सल्ला मात्र सर्वांना एकच

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर या भागांत वजन कमी करू इच्छिणाऱ्यांसाठी कमी कर्बोदकांचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'लो-कार्ब', डबा घरपोच देणाऱ्या सेवा आता सहज मिळतात. त्यांपैकी एका सेवेचा डबा आमच्या घरात मी, माझे यजमान आणि धाकटे दीर अशा तिघांनी एकदमच लावला. स्वयंपाकाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तीन निरनिराळ्या प्रकृतीच्या माणसांना एकच डबा आणि एकच सल्ला मिळाला याबद्दल. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हा दोष तिच्यापुरताच असेल असे मला वाटत नाही.

आधी जेवणाविषयी. डबा स्टीलचा, चार पुडांचा, आणि दुपारी बाराच्या आत हमखास येतो. लसणाची फोडणी दिलेली मेथी, गिलक्याची भाजी, भरीत, पनीर किंवा अंडाभुर्जी, काकडीची कोशिंबीर आणि शेंगदाण्याची चटणी असा साधारण बेत असतो. तेल बेताचे आणि तिखट आपल्याकडच्या जिभेला रुचेल असे. भाताच्या जागी किसून वाफवलेला फ्लॉवर येतो. तो बंद पुडात तासभर राहिला, तर झाकण काढताच गंधकासारखा उग्र दर्प येतो, म्हणून डबा हातात पडताच ते पूड उघडून ठेवावे. बदामाच्या पिठाची पोळी तव्यावर कशी दिसत असेल कोण जाणे. आमच्यापर्यंत ती तुकड्यांतच पोहोचते आणि घास मोडण्याचे काम उरत नाही. एकादशीला साबुदाणा आणि वरई वगळून दाण्याची आमटी आणि पनीर आले, तेव्हा सासूबाईंनी डब्याकडे पाहून काही न बोलता आपल्यासाठी वेगळी वरई शिजवली. दर साध्या घरगुती डब्याच्या जवळपास दुप्पट आहे आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतात.

मला स्वतःला हा आहार मानवला. संध्याकाळी चहाबरोबर चिवडा, मग खारी, मग पुन्हा काहीतरी, ही माझी सवय प्रथिने वाढल्यावर आपोआप सुटली, कारण दुपारच्या जेवणाने पोट खरोखरच भरलेले राहत असे. वजन सावकाश पण सतत उतरत गेले.

यजमानांचे तसे झाले नाही. पहिल्याच आठवड्यात काटा झपाट्याने खाली आला आणि सेवेकडून अभिनंदनाचा संदेशही आला. पण त्यामागचे कारण सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या कर्बोदकांच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके कमी केली की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबर पाणीही निघून जाते, त्यामुळे सुरुवातीला कमी झालेल्या वजनात चरबीचा वाटा थोडाच असतो. एका लग्नाच्या पंगतीत दोन वेळा जेवण झाले आणि ते वजन परत आले, तेव्हा यजमान इतके खट्टू झाले की पुढच्या रविवारी मखमलाबाद रोडला जाऊन त्यांनी मिसळीबरोबर चार पाव खाल्ले. भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही अशा माणसाला कर्बोदके दिवसाला पन्नास ग्रॅमांच्या आत ठेवायला सांगणे, म्हणजे तो आहार किती दिवस टिकेल हे आधीच ठरवून टाकणे होय. पुढे त्यांनी डबा बंद केला, दोन भाकऱ्यांऐवजी एक घेऊन वरण आणि उसळ वाढवली, चहातील साखर सोडली आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज चालू लागले. आज त्यांचे आणि माझे उतरलेले वजन जवळपास सारखेच आहे.

याचे आश्चर्य वाटायला नको. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या नेतृत्वाखाली 609 प्रौढांवर वर्षभर चाललेली एक चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलो आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे सरासरी 6 किलो उतरले. दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर दखल घेण्याजोगा नव्हता. साखर आणि मैदा टाळून भरपूर भाज्या खाण्यास दोन्ही गटांना सांगितले होते. त्याहून बोलकी बाब अशी की, दोन्ही गटांत कोणाचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर कोणाचे चक्क वाढले, आणि कोणाला कोणता आहार लागू पडेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या स्रावावरून आधी ओळखता आले नाही. तेव्हा 'शरीराच्या प्रकारानुसार लो-कार्बच योग्य' असे ही सेवा पत्रकात ज्या ठामपणे लिहिते, त्याला या चाचणीतून तरी आधार मिळत नाही.

याचा अर्थ आपली नेहमीची थाळी निर्दोष आहे असा मुळीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे तृणधान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या आत असावा. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, जी बाजरी-नागलीच्या अभिमान्यांनी लक्षात घ्यावी: एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून केवळ तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाची जोखीम कमी झालेली दिसली नाही, थोडी कर्बोदके काढून तेथे डाळी किंवा दुधाची प्रथिने घेतल्यास मात्र ती कमी दिसली. म्हणजे कर्बोदके घटवणे बहुतेकांना हिताचे आहे, पण किती आणि कोणी, हा प्रश्न उरतोच.

दिरांच्या बाबतीत तो प्रश्न गंभीर झाला. ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. हे औषध जेवण कमी असो वा जास्त, स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेतेच. त्यामुळे भाकरी-भात एकदम बंद करून गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवली, तर साखर नको तितकी उतरण्याचा धोका असतो. नेमके तेच घडले. पाळीवर असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि सहकाऱ्याजवळच्या ग्लुकोमीटरवर आकडा दिसला 62. बिस्किटे आणि साखरेचे पाणी घेतल्यावर ते सावरले. सेवेच्या आहारतज्ज्ञांना फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की शरीर नव्या आहाराला सरावत आहे, लिंबू-मीठ घातलेले पाणी घ्यावे. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र गोळीची मात्रा त्याच दिवशी निम्मी केली. त्यानंतर दिरांची साखर पूर्वीपेक्षा चांगली आटोक्यात आहे, हेही नमूद केले पाहिजे. मधुमेहींना हा आहार वर्ज्य नाही, पण औषधांचा हिशेब न बदलता तो सुरू करणे धोक्याचे आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर याहून वेगळा धोका असतो: कर्बोदके फारच कमी झाल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साचून रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते. गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले यांनी असला डबा परस्पर लावू नये. काहींचे एलडीएल, म्हणजे अपायकारक मानले जाणारे, कोलेस्टेरॉलही या आहाराने वाढते, विशेषतः लोणी, चीज आणि साय यांवर भर असल्यास. म्हणून आधी आणि काही महिन्यांनी रक्ततपासणी करून घेतलेली बरी.

सेवेच्या नोंदणी अर्जात वय, उंची, वजन, 'लक्ष्य वजन' आणि अंडी चालतात का, एवढे विचारले आहे. चालू औषधे कोणती, हा रकाना त्यात नाही. तो घालावा असे मी सुचवले असता, अशी माहिती ग्राहकाने स्वतःहून द्यायची असते, असे सौजन्यपूर्ण पण न पटणारे उत्तर आले.

स्वयंपाकाला मी पाचपैकी चार गुण देईन आणि सल्ल्याला एक. माझा संध्याकाळचा डबा अजून चालू आहे. दिरांनी डॉक्टरांना विचारून दुपारचा ठेवला आहे आणि त्यात घरची अर्धी भाकरी ते जोडून घेतात. ज्यांना लावायचा असेल त्यांनी महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी आठवड्याचा नमुना डबा मागावा. पत्रकात त्याचा उल्लेख नसला तरी विचारल्यास तो मिळतो.