व्हर्च्युअल मशीनमधील लिनक्सला वायफाय दिसत नाही: कोणता मार्ग निवडावा?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काली किंवा उबुंटू हे लिनक्स बसवून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की नेटवर्क इंटरफेसच्या यादीत ‘एलओ’ आणि ‘ईएनपी०एस३’ एवढीच नावे येतात. वायफायच्या ‘डब्ल्यूलॅन०’चा पत्ता नसतो आणि मग ड्रायव्हरचा शोध सुरू होतो. हा शोध बहुधा वाया जातो, कारण मुळात काही बिघडलेलेच नसते. हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) लॅपटॉपचे वायफाय कार्ड गेस्टपर्यंत, म्हणजे आतल्या लिनक्सपर्यंत, पोहोचूच देत नाही. त्याच्या जागी तो इथरनेट कार्डाची नक्कल उभी करतो, जी व्हर्च्युअलबॉक्समध्ये सहसा इंटेल प्रो/१००० मालिकेतील कार्डाची असते, तर केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरमध्ये व्हर्टआयओची. जोडलेली कार्डे दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ आज्ञेच्या यादीत केवळ असा इथरनेट कंट्रोलर दिसत असेल, तर वायफायचा ड्रायव्हर कितीही वेळा बसवला तरी त्याला हाताळायला समोर कार्डच नाही.

म्हणून आधी ठरवायचे ते हे की आपल्याला इंटरनेट हवे आहे की रेडिओ.

इंटरनेटच हवे असेल, तर आहे तसे राहू द्यावे. नॅट पद्धतीत, म्हणजे गेस्टची ये-जा होस्टच्या (मूळ संगणकाच्या) पत्त्यामागून होते तेव्हा, गेस्टला १०.०.२.१५ यासारखा पत्ता मिळतो आणि होस्टचे वायफाय त्याच्याही कामी येते. घरच्या जाळ्यावर गेस्टला स्वतंत्र पत्ता देण्यासाठी ब्रिज पद्धत आहे खरी, पण वायफायवर ती कुरकुरते. ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या कार्डाच्याच मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) आलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, स्वीकारतो, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला मॅक पत्ते बदलून वेळ मारून न्यावी लागते आणि लिनक्सचा साधा ब्रिज तर वायफाय कार्डाला सामावून घ्यायलाच सहसा नकार देतो. अशा वेळी नॅट ठेवून पोर्ट फॉरवर्डिंग करणे (होस्टच्या ठरावीक पोर्टवर आलेली जोडणी गेस्टकडे वळवणे) किंवा सरळ केबल लावणे अधिक शहाणपणाचे.

रेडिओ हवा असेल, म्हणजे मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकण्याची पद्धत) वापरायचा असेल किंवा आसपासची जाळी प्रत्यक्ष पाहायची असतील, तर यूएसबी ॲडॉप्टर हा बहुतेकांसाठी योग्य मार्ग आहे. येथे पैसे वाया जातात ते खोक्यावरचे नाव पाहून खरेदी केल्यामुळे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जिचा ‘एथ९के_एचटीसी’ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली. एआर९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झही हवे असेल, तर मीडियाटेकची एमटी७६१२यू पाहावी. तिचाही ड्रायव्हर कर्नलमध्येच मिळतो. ज्या चिपचा ड्रायव्हर बाहेरून आणून कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो, ती स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही.

ॲडॉप्टर लावूनही काही दिसत नसेल, तर गेस्टमध्ये प्रथम यूएसबी उपकरणे दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. तेथे त्याचे नाव नसेल, तर दोष लिनक्सचा नाही, जोडणीचा आहे: व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी २.० किंवा ३.० कंट्रोलर निवडलेला आहे का, ॲडॉप्टरचा फिल्टर (तो आपोआप गेस्टला देणारा नियम) घातला आहे का, आणि होस्टही लिनक्स असल्यास आपण ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात आहोत का, हे तपासावे. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत यायचे राहून जाते आणि तेवढ्यासाठी अख्खी दुपार जाते. नाव दिसते पण इंटरफेस नाही, अशी स्थिती असेल, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे संदेश वाचावेत. ‘एचटीसी_९२७१’ने सुरू होणारी फाइल सापडली नाही असा मजकूर तेथे असेल, तर फर्मवेअरचे (चिपमध्ये चढवायच्या सॉफ्टवेअरचे) पॅकेज राहिले आहे. इंटरफेस आहे पण चालू होत नाही, तेव्हा वायफाय बंद करून ठेवले आहे का हे सांगणारे ‘आरएफकिल’ पाहावे.

लॅपटॉपमधील कार्डच गेस्टला देण्याचा, म्हणजे पीसीआय पासथ्रूचा मार्ग केव्हीएममध्ये उपलब्ध आहे. त्यासाठी आयओएमएमयू (कार्ड थेट गेस्टला सोपवू देणारी हार्डवेअर सोय) असलेला संगणक लागतो आणि गेस्ट चालू असेपर्यंत होस्ट त्या कार्डाला मुकतो. दुसरे कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर हे ठीक आहे. लॅपटॉपवर एवढी यातायात करण्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करावे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची अडचणच उरत नाही.

शिकण्यासाठी मात्र मी चौथा मार्ग सुचवेन, ज्याची चर्चा फारशी होत नाही. कर्नलमध्ये ‘मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम’ नावाचे मॉड्यूल आहे. ते ‘रेडिओज=२’ या पर्यायासह चढवले की पैसा न खर्चता दोन वायफाय इंटरफेस उभे राहतात. एकावर ‘होस्टएपीडी’ आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ चालवले की एकाच गेस्टमध्ये ॲक्सेस पॉइंटही तयार होतो आणि त्याला जोडणारे यंत्रही. ‘एचडब्ल्यूसिम०’ हा इंटरफेस चालू करून त्यावर वायरशार्क हे फ्रेम वाचण्याचे साधन लावल्यास डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेची चार टप्प्यांची देवाणघेवाण फ्रेमगणिक वाचता येते. खऱ्या हवेतले अडथळे, अंतर आणि शेजाऱ्यांची गर्दी त्यात नाही. तेवढ्यासाठी ॲडॉप्टर नंतरही घेता येईल.